रखुमाईच्या पायावरची हळद

वाचकाचं पत्र :

ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या देवघरात दीड फूट उंचीची संगमरवरी विठ्ठल-रखुमाईची जोडी आहे. सासऱ्यांनी १९७४ साली जयपूरहून आणलेली. रोजचं हळदकुंकू, दर एकादशीला पंचामृताचा अभिषेक, हे तेव्हापासून चालू आहे. आता दोन्ही मूर्तींच्या पायांवर पिवळे-तांबडे डाग बसलेत. समईच्या बाजूला विठ्ठलाच्या अंगावर काळपट तेलकट पट्टा आलाय, आणि मूर्ती बैठकीत बसवल्या आहेत तिथून गंजासारखी तपकिरी रेघ उतरते आहे. दिवाळीच्या साफसफाईत धाकट्या जाऊबाईंनी रखुमाईच्या डाव्या पायाला लिंबू आणि खायचा सोडा लावून घासलं. हळद गेली नाहीच, उलट लाल झाली, आणि त्या जागेची चकाकी जाऊन हाताला खरबरीत लागायला लागलं. घरात त्यावरून बरीच बोलाचाली झाली. शेजारचे म्हणतात, संडास धुवायचं अॅसिड पाणी घालून लावा. गावातला एक कारागीर म्हणतो, मशीनने पॉलिश मारून नव्यासारख्या करून देतो. कार्तिकी एकादशीच्या आत काय करावं?
– एक वाचक, सांगली

ताई, नमस्कार.

ती अॅसिडची बाटली देवघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नका. कितीही पाणी घातलेलं असलं तरी नको. आणि कारागिराला सध्या थांबायला सांगा. बाकी सगळं सावकाश बोलू, कारण तुमच्या पत्रातल्या बहुतेक डागांना घरच्या घरी उपाय आहे.

संगमरवर म्हणजे मुळात चुनखडक. जमिनीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून तो असा दाणेदार झाला, पण त्याचा मूळ पदार्थ कॅल्शियम कार्बोनेटच राहिला. आम्ल लागलं की हा दगड विरघळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. अॅसिड टाकल्यावर फसफस होते ती पाहून लोकांना वाटतं, मळ निघतोय. त्या फेसात मूर्तीचा दगड निघून चाललेला असतो. संडासाच्या अॅसिडने हे काही सेकंदांत होतं. लिंबू, चिंच, व्हिनेगर, आंबट ताक यांनी सावकाश होतं, इतकाच फरक. फ्लॉरेन्समधला मायकेलअँजेलोचा डेव्हिड, पाच मीटरांहून उंच, जगातला बहुधा सगळ्यात नावाजलेला संगमरवरी पुतळा. तोसुद्धा १८४३ साली हायड्रोक्लोरिक अॅसिडने साफ केला गेला होता. त्याची मूळ कातडी त्यात गेली आणि त्यानंतर तो धूळ, मळ जास्तच धरायला लागला. त्यामुळे जाऊबाईंवर फार रागावू नका. त्यांच्या हातून जे झालं तेच त्या काळच्या नावाजलेल्या माणसांच्या हातूनही झालं, आणि जाऊबाईंनी तर मन लावून देवाची सेवा केली होती.

आता तो खरबरीत चट्टा. तो डाग नाही, हे आधी समजून घ्या. लिंबाने तिथली झिलई आणि तिच्याखालचा थोडा दगड खाल्ला आहे. जे आता उरलंच नाही ते कुठल्याही लेपाने परत येणार नाही. त्याला घासू नका, त्यावर मेण, तेल, खोबरेल काही चोळू नका. आता ती जागा सच्छिद्र झाली आहे, म्हणजे पुढचा डाग तिथे सगळ्यात आधी आणि सगळ्यात खोल बसेल. तेव्हा यापुढे तिथे हळदकुंकू लागू द्यायचं नाही. तेवढं पाळलंत तर तो चट्टा वाढणार नाही.

मी एका संग्रहालयाच्या संवर्धन विभागात पंचवीसहून अधिक वर्षं दगडी शिल्पांवर काम केलं. तिथे नवीन आलेल्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न आधी विचारायची : डाग कशाचा आहे? ‘कसा काढायचा’ हे त्यानंतर. तुमच्या मूर्तींवर निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत. हळद, कुंकू, तेलाची काजळी आणि गंज. चौघांना चार औषधं लागतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरू शकतं.

आपल्या मुंबईतलाच एक प्रसंग आहे. १८९६ साली दामोदर चापेकरांनी राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुतळा मॅथ्यू नोबलने घडवलेला, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशातून उभा राहिलेला. माळ काढणं सोपं होतं. डांबराचा डाग मात्र बऱ्याच प्रयत्नांनी निघाला नाही. शेवटी तो काढला त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्याआधी बडोद्याला होते, तिथल्या कलाभवन या तंत्रशाळेची उभारणी त्यांचीच. इंग्रज सरकारच्या राणीला काळं फासणाऱ्या चापेकरांचं धैर्य मला मोठं वाटतंच, पण माझ्या पेशातली माणूस म्हणून मला गज्जरही तितकेच आठवतात. पुतळ्याभोवती जोर लावणारे हात कमी नसतील. डाग काढला तो पदार्थ ओळखणाऱ्या माणसाने.

तर तुमच्या देवघरात. सुरुवात पाण्याने करू नका. पायांवर, वस्त्राच्या चुण्यांत, कमरेवरच्या हातांच्या खाचांत सुकं हळदकुंकू साचलेलं असणार. त्यावर ओलं फडकं फिरलं की कोरडी पूड रंगाचं पाणी होऊन दगडाच्या आत जाते. आधी बकरीच्या केसांचा मऊ ब्रश घ्या, चित्रकलेच्या दुकानात मिळतो तो. त्याच्या लोखंडी किंवा पत्र्याच्या कडीला चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे ओरखडा जाणार नाही. वरून खाली, हलक्या हाताने पूड झटका. सुकं फडकं घासू नका. संगमरवर दिसतो कडक, पण कडकपणाच्या मापात तो तीनवर आहे आणि साध्या धुळीतला वाळूचा कण सातवर. विटकरीचा चुरा, राख, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी या गोष्टी तर मूर्तीच्या जवळपासही नकोत.

मग पाणी. नळाचं किंवा बोअरचं नको, त्यातले क्षार आणि लोह दगडात बसतात. मेडिकलमधून किंवा बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणा. बांबूच्या काडीच्या टोकाला पांढरा कापूस सैलसर गुंडाळा, पाण्यात बुडवून पिळून घ्या आणि दगडावर लाटा. लाटा म्हणजे खरंच लाटा, लाटणं पोळीवर फिरतं तसं. घासलं तर मळ खाचेत ढकलला जातो, लाटलं की तो कापसावर येतो. कापूस राखाडी झाला की टाकून द्या, दुसरा घ्या. एका पावलाला तीस-चाळीस बोळे सहज लागतील. पहिले काही बोळे काळे येतात, मग पिवळट, मग एक असा येतो की त्याला काहीच लागत नाही. तिथे थांबायचं. आम्ही संग्रहालयात या कामाला कधी कधी स्वतःची लाळ वापरतो, तिच्यातली पाचक द्रव्यं जुना मळ सैल करतात आणि ती दगडाला बाधत नाही. पण देवाच्या मूर्तीला उष्टं लावा, असं मी कुणालाही सांगणार नाही. पाण्याने पुरेसं झालं नाही तर एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात रंग-वास नसलेल्या सौम्य, आम्ल-अल्क नसलेल्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब घाला आणि नंतर नुसत्या पाण्याच्या बोळ्यांनी दोन-तीनदा पुसून घ्या. रिठा आणि शिकेकाई चांदीला, केसांना ठीक, पण त्यांचं तपकिरी पाणी पांढऱ्या दगडात मुरतं.

हे करण्याआधी मूर्तीचे डोळे, ओठ, वस्त्रांचे काठ, दागिने नीट बघा. जयपूरच्या मूर्तींवर हे बहुतेक रंगवलेलं असतं, कधी सोनेरी वर्खही असतो. रंगाच्या जागेपासून पाण्यानेही दोन बोटं लांब राहा, आणि पुढे सांगते ती द्रव्यं तर तिथे अजिबात नको. रंग काही मिनिटांत सुटतो, आणि विठ्ठलाचे डोळे पुन्हा रंगवले तरी ती नजर परत येत नाही.

आता हळद. जाऊबाईंनी सोडा लावल्यावर ती लाल का झाली, हे आपल्या आज्या-पणज्यांना पाठ होतं. हळदीला चुना किंवा खार लावूनच तर घरी कुंकू करत. हळदीतलं रंगद्रव्य अल्काच्या संगतीत लाल होतं. म्हणजे सोडा, कपड्याचा साबण, चुना हळदीच्या डागावर कधीच नाही. डिस्टिल्ड पाण्याच्या बोळ्यांनी सोड्याचा अंश निघाला की तो लाल पुन्हा पिवळ्याकडे झुकेल.

आणि पांढऱ्या साडीवरचा हळदीचा डाग घालवायला आई काय करायची? धुवून उन्हात टाकायची. हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही, तो उडतो, आणि दगडावरही उडतो. म्हणून हळदीला माझा पहिला उपाय ऊन आहे, आणि तुमच्यासाठी महिनाही सोयीचा आहे. सकाळचं कोवळं ऊन येतं अशा खिडकीपाशी मूर्ती ठेवा, रंगवलेला भाग पांढऱ्या सुती कापडाने झाका, फक्त पाय उघडे. रोज दीड-दोन तास, आठ-दहा दिवस. दुपारचं कडक ऊन नको. संगमरवराचे कण तापल्यावर एका दिशेने फुगतात आणि दुसऱ्या दिशेने आक्रसतात, वारंवार असं झालं तर दगड साखरेसारखा सुटायला लागतो. मूर्ती उचलताना दोघांनी उचला, हात बैठकीखाली घालून, कमरेवरच्या हातांना धरून तर कधीच नाही.

उन्हाने जे जाणार नाही त्याला रंगहीन आयसोप्रोपिल अल्कोहोल. हळद पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन आणि अत्तर असतं. निळं स्पिरिट नको. आधी बैठकीच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक बोळा लाटून पाहा आणि एक दिवस थांबा. काही बिघडलं नाही तरच पायाकडे या. इथेही लाटायचं, बोळा बदलत राहायचं.

डाग खोल असेल तर लेप. सुवासिक किंवा छापील नको, पांढरेशुभ्र टिश्यू पेपर अल्कोहोलमध्ये भिजवून त्यांचा लगदा डागावर करंगळीच्या पेराएवढा जाड थापा, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद, त्याला सुईने चार भोकं. रात्रभर ठेवा, मग कागद काढून लगदा आपोआप वाळू द्या. डाग निघतो तो या वाळण्यात. द्रव दगडातून बाहेर लगद्याकडे येतो आणि रंग सोबत घेऊन येतो. ओला असताना ओढून काढलात तर मेहनत वाया. असे तीन-चार लेप लागतील, प्रत्येकानंतर डाग थोडा फिका. मी शिकाऊ असताना एका अर्धपुतळ्यावर असा लेप घातला आणि वरून ओलावा टिकावा म्हणून हाताशी होतं ते फडकं टाकलं. त्याला लाल काठ होता. दुसऱ्या दिवशी पुतळ्याच्या खांद्यावर त्या काठाची स्वच्छ रेघ उमटली होती. ती काढायला मला तीन आठवडे लागले आणि ती अगदी पूर्ण कधीच गेली नाही. म्हणून सांगते, मूर्तीला लागणारी प्रत्येक गोष्ट पांढरी.

ताजमहालाला मुलतानी मातीचा लेप देतात हे तुम्ही वाचलं असेल. पुरातत्त्व खात्याने तो १९९४, २००१, २००८ आणि २०१४ साली दिला. पण तिथे मोठमोठ्या भिंतींवरची धूळ-काजळी काढायची असते, आणि नंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवायला माणसं असतात. मुलतानी मातीत लोह असतं. सच्छिद्र झालेल्या पावलावर ती बसली तर पिवळट झाक सोडू शकते, म्हणून तुम्हाला कागदाचाच लेप बरा.

कुंकवाचं थोडं निराळं. घरी केलेलं असेल तर ते हळदच. बाजारातल्या कुंकवात बरेचदा कृत्रिम रंग असतो. पांढऱ्या टीपकागदावर चिमूटभर ठेवून एक थेंब पाणी टाका. लाल वर्तुळ पसरलं तर मूर्तीवरही पाण्याने ते पसरेल. अशा वेळी जवळजवळ कोरडा बोळा, आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे. शेंदूर असेल तर तो मुळात विरघळणारा रंगच नाही, तेलात कालवलेले बारीक कण आहेत ते. आधी तेल काढलं की कणही बऱ्यापैकी येतात.

तेलकट पट्ट्याला अॅसिटोन. नखांचं पॉलिश काढायचं रंगीत, सुवासिक द्रव नको, शुद्ध अॅसिटोन. आणि इथे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे : अॅसिटोन किंवा अल्कोहोल वापरायचं त्या दिवशी त्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती, कापूर काही पेटलेलं नको. शेजारी गॅस नको. खिडक्या उघड्या, हातात मोजे, मुलं बाहेर. त्याची वाफ दिसत नाही आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोचते. शक्यतो मूर्ती गच्चीवर किंवा गॅलरीत नेऊनच हे काम करा. पद्धत तीच, बोळे आणि मग लेप. पन्नास वर्षांचं तेल आहे, सगळं निघणार नाही. काळपट जाऊन मधाच्या रंगाची हलकी झाक उरली तर तिथे थांबा. (इतर वाचकांसाठी : मूर्ती दगडाचा चुरा आणि रेझिन ओतून केलेली असेल, कडेला साच्याची रेघ असेल, वजन कमी असेल, तर अॅसिटोन वापरूच नका. ती मऊ पडेल.)

गंजाची रेघ मात्र तुम्ही काढू नका. मूर्ती बैठकीत बसवताना आत लोखंडी सळई घातलेली असणार आणि अभिषेकाचं पाणी सांध्यातून तिच्यापर्यंत पोचतंय. ब्लीचने गंज जात नाही, अधिक पक्का होतो. गंज काढायची तयार औषधं बहुतेक आम्लं असतात. तज्ज्ञ त्यासाठी दगडाला न खाणारी द्रव्यं वापरतात, मोजून मापून. आणि रेघेपेक्षा मला सळईची काळजी जास्त आहे. लोखंड गंजताना फुगतं आणि दगड आतून फोडतं. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन संगमरवरी मंदिरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी हेच केलं. त्या काढून आता टायटॅनियमच्या बसवल्या आहेत. रेघेजवळ केसासारखी बारीक तडा दिसते का, ते टॉर्चने बघा. दिसली तर मूर्ती हलवू नका, फोटो काढा आणि संवर्धकाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल.

कारागिराबद्दल. त्याचा हेतू चांगला आहे, आणि मशीनने मूर्ती चकचकीत होईलही. पण चकाकी येते ती वरचा थर घासून काढल्यावर. रखुमाईच्या पापण्या, नाकाची कड, पावलांची बोटं, साडीच्या निऱ्या, सगळं थोडं थोडं बोथट होतं आणि चेहरा बदलतो. ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ साली पार्थेनॉनची शिल्पं पांढरीशुभ्र करण्यासाठी तांब्याची हत्यारं आणि कार्बोरंडम नावाची कडक घासपूड वापरली गेली. ती शिल्पं मुळात पांढरी नव्हतीच, रंगवलेली होती. तिथे घासलेला पृष्ठभाग कायमचा गेला. तुमच्या मूर्तींचा पिवळसर रंगही काही अंशी वयाचा आहे, पन्नास वर्षांच्या पूजेचा आहे. तो मला तरी मळ वाटत नाही.

कार्तिकीच्या आत हे सगळं उरकायचा विचार सोडून द्या. एकादशीपर्यंत पूड झटका, डिस्टिल्ड पाण्याने पुसा, कोवळं ऊन सुरू करा. तेवढ्यानेच फरक दिसेल. लेप मार्गशीर्षात घाला.

अभिषेक मात्र या मूर्तींवर आता थांबवा. दही आंबट, मधही आम्लयुक्तच, आणि तूप मुरतं. कोल्हापुरात अंबाबाईचा अभिषेक मूळ मूर्तीऐवजी उत्सवमूर्तीवर होतो, पंढरपुरातही झीज थांबवायला मूर्तीला वज्रलेप, म्हणजे दगड टिकवणारा लेप, करावा लागला. तो दगड वेगळा, पण काळजी तीच. घरात एखादी लहान पितळी विठ्ठलमूर्ती घ्या, ताम्हनात तिच्यावर पंचामृत घाला. समई हातभर लांब सरकवा. ओले हार, विशेषतः झेंडू आणि जास्वंद, रात्री अंगावर ठेवू नका. आणि रखुमाईच्या पायाशी चांदीच्या छोट्या पादुका ठेवा. सासूबाई असतील तर त्यांच्याच हाताने ठेवायला सांगा. रोजचं हळदकुंकू तिथे वाहा.

डाव्या पावलाचा एक फोटो आत्ता, खिडकीच्या उजेडात काढून ठेवा, आणि दुसरा दहा दिवसांच्या उन्हानंतर, त्याच जागी, त्याच वेळी. दोन्ही मला पाठवा. अल्कोहोलची गरज आहे की नाही, हे मी ते पाहून सांगेन.